उसनं पाणी

नरकचतुर्दशीच्या आंघोळीला आपल्याकडे सात नद्यांची नावं घेतात. गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू, कावेरी. आमच्या सांगली-साताऱ्याकडची कृष्णा त्या यादीत नाही. सिंगापूरकरांनी तर त्या यादीत आणखी एक नाव घालायला हवं, जोहोर. कारण इथल्या नळाला येणाऱ्या पाण्यातलं बरंचसं त्या नदीचं असतं. आपण उटणं मुस्तफामधून आणतो आणि पाणी मलेशियातून.

कॉजवेवरून जोहोर बारूला गेलेल्या प्रत्येकाने रस्त्याच्या कडेने जाणारे जाडजूड नळ पाहिले असतील. १९६२ च्या करारानुसार सिंगापूर जोहोर नदीतून रोज २५ कोटी गॅलनपर्यंत पाणी उचलू शकतं, हजार गॅलनला ३ सेन या दराने. हा करार २०६१ पर्यंत आहे. गॅलनचा आकडा आपल्या डोक्यात चटकन बसत नाही, म्हणून मी तो आपल्या वर्तमानपत्री मापात बसवून पाहिला. वर्षाला साधारण साडेचौदा टीएमसी होतात. आता दुसरा आकडा बघा. कोयना धरणातून सह्याद्री ओलांडून पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला बच्छावत लवादाने मर्यादा घातली ती वर्षाला ६७.५ टीएमसीची. म्हणजे एका देशाला शेजारच्या देशातून मिळू शकतं त्याच्या साडेचार पट पाणी आपल्याकडे एका धरणातून एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जाऊ शकतं, आणि त्याची चर्चा होते ती फक्त दुष्काळात किंवा पुरात.

लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवायचे. माझं माहेर आटपाडी तालुक्यात, माणदेशात. सासर चिपळूणचं. आणि संसार सिंगापुरात. या तिन्ही घरांत एक गोष्ट सारखी आहे, ती म्हणजे दारातलं पाणी तिथलं नाही. ते दुसऱ्या नदीकडून आणलेलं आहे. गेल्या दोन वर्षांत आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाण्यावरून बरीच चर्चा झाली. ती समजून घ्यायची म्हणून मी पुन्हा भूगोलाकडे वळले. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडते आहे, कारण आपल्यापैकी अनेकांच्या गावाकडे थोड्याफार फरकाने हाच प्रश्न उभा आहे.

नदी जमिनीखालीही असते

शाळेत आपण नदी एका धड्यात शिकतो आणि भूजल दुसऱ्या धड्यात. प्रत्यक्षात दोन्ही एकच पाणी. पाऊस जमिनीत मुरतो, खडकाच्या भेगांत साठतो आणि तिथे पाण्याची एक पातळी तयार होते. विहिरीत डोकावल्यावर दिसते तीच ती पातळी. ओढ्याचा किंवा नदीचा तळ या पातळीच्या खाली असेल, तर जमिनीतलं पाणी झिरपत नदीत येतं. पाऊस थांबून महिना झाला तरी दिवाळीत गावच्या ओढ्याला नितळ पाणी असतं ना? ते ढगातून आलेलं नसतं. ते आजूबाजूच्या विहिरींचं, शिवाराचं पाणी असतं. उन्हाळ्यात विहिरींची पातळी नदीच्या खाली गेली की उलटं होतं. नदी वाहत असेल तर ती जमिनीला पाणी देते. देणं आणि घेणं हे ऋतूप्रमाणे बदलत असतं.

आता या चालू हिशेबात एका खोऱ्यातून पाणी उचलून दुसऱ्या खोऱ्यात टाकलं की काय होतं? जिथून उचललं तिथे नदीची पातळी उतरते, मग काठचं भूजल लवकर निथळून जातं. जिथे टाकलं तिथे नदी-ओढे भरतात, भूजल चढतं, आणि कधी कधी नको तितकं चढतं. अभियंते वरच्या पाण्याचा हिशेब टीएमसीत अगदी काटेकोर ठेवतात. खाली मुरलेलं पाणी मात्र 'गळती' या एका शब्दात संपतं. त्या एका शब्दात किती जणांचं आयुष्य असतं, ते आटपाडीत दिसतं.

सासरचं पाणी

कोयना नदी महाबळेश्वरला उगम पावते आणि कराडला कृष्णेला मिळते. नैसर्गिकरीत्या तिचं सगळं पाणी पूर्वेला, बंगालच्या उपसागराकडे जायचं. १९६० च्या दशकात धरण झालं, डोंगराच्या पोटातून बोगदे निघाले आणि त्यातलं मोठं पाणी पश्चिमेला पोफळीच्या भूमिगत वीजघरात उतरू लागलं. वीज करून झालेलं हे पाणी कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठी नदीला मिळतं आणि चिपळूणवरून अरबी समुद्राला. हा आपल्याकडचा पहिलाच प्रयोगही नाही. टाटांनी लोणावळा, आंध्र खोरं आणि मुळशी इथलं भीमेच्या खोऱ्यातलं पाणी १९१५ ते १९२७ या काळात खोपोली, भिवपुरी आणि भिऱ्याला उतरवून वीज केली. सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह झाला तो याच पाण्याच्या पोटात गेलेल्या गावांसाठी.

आमच्या चिपळूणच्या घरामागे विहीर आहे. सासूबाई सांगतात, की नदीकाठच्या विहिरी मे महिन्यातही सहसा कोरड्या पडत नाहीत. वीजघरातून सुटणारं पाणी वाशिष्ठीला उन्हाळ्यातही वाहतं ठेवतं आणि काठाच्या जमिनीला ते मिळतं. पण त्याच तालुक्यात सड्यावरच्या वाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो. तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, शेजारून कोयनेचं पाणी समुद्राला जातं, आणि बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. असं का? कारण नदीतलं पाणी जमिनीतून वर चढत नाही. सड्याचा जांभा दगड म्हणजे चाळण. पावसाळ्यात भरतो आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत कडेच्या झऱ्यांतून रिकामा होतो. नदीत आणलेल्या पाण्याचा फायदा नदीच्या पातळीला असलेल्या जमिनीला होतो, वरच्या वाडीला नाही.

२२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या घरात पाणी शिरलं. तेव्हा धरणाच्या विसर्गावरून खूप वाद झाला. विक्रमी पाऊस आणि समुद्राची भरती ही कारणं होतीच. त्या वादात मी पडत नाही. पण पुरानंतर विहीर गाळाने भरली होती आणि ती दोनदा उपसून घ्यावी लागली, हे मात्र कुठल्याच आकडेवारीत आलं नाही.

कोयनेने आणखी एक धडा दिला. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त झालं. जलाशयाचं वजन आणि त्याच्या दाबाने खोल भेगांत शिरलेलं पाणी यांमुळे आधीच ताणाखाली असलेले खडक सरकतात, या विषयावर जगभरात जे संशोधन झालं त्यात कोयनेचं नाव पहिल्या ओळीत येतं. हेसुद्धा वरचं पाणी आणि खालचं पाणी यांचंच नातं, फक्त काही किलोमीटर खोल.

माहेरचं पाणी

आता त्याच धरणाची दुसरी बाजू. कोयनेतून पूर्वेला सोडलेलं पाणी कराडला कृष्णेत येतं. तिथून जवळच टेंभू गावाजवळ ते अडवून पंपांनी उचललं जातं आणि टप्प्याटप्प्याने चढवत खानापूर, आटपाडी, सांगोल्याकडे नेलं जातं. आटपाडीचा उतार माण नदीकडे, म्हणजे पुढे भीमेकडे आहे. त्यामुळे हेही एका उपखोऱ्यातून दुसऱ्यात नेलेलं पाणी. गंमत बघा, एकाच धरणाचं पाणी पश्चिमेला उतरताना वीज देतं आणि पूर्वेला चढताना वीज खातं.

हे पाणी सहज आलेलं नाही. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने १९९३ पासून आटपाडीत दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा भरू लागल्या. माझे वडील त्यांना चालत जायचे. मागणी साधी होती. पाणी जमिनीच्या एकरांवर नको, माणसांवर वाटा. ज्याला जमीन कमी त्यालाही जगण्यापुरतं पाणी मिळालं पाहिजे. वर्षाला चारशे-पाचशे मिलीमीटर पावसाच्या गावात याहून मोठी मागणी काय असणार?

पाणी आलं. ओढ्यात सोडलं, बंधारे भरले, पाझर तलाव भरले. आणि ज्यांच्या विहिरी ओढ्याकाठी होत्या, त्या आठ दिवसांत भरल्या. दादा फोनवर म्हणाला, "आवर्तन सुटलं की आपली हीर बोलाय लागतीया." आवर्तन बंद झालं की तीच विहीर तीन आठवड्यांत तळ गाठते. दादाला वाटतं विहिरीला काहीतरी झालंय. मला वाटतं विहिरीला काही झालेलं नाही, तिचा खडकच तसा आहे.

महाराष्ट्राची चार पंचमांशाहून अधिक जमीन काळ्या बसाल्टची आहे. त्यात वरचा मुरूम, मग भेगांचा थर, कुठे सच्छिद्र मांजऱ्या, आणि खाली घट्ट काळा पाषाण. अशा खडकाच्या शंभर लिटर आकारमानातून निथळून मिळणारं पाणी असतं एक ते तीन लिटर. गंगेच्या गाळाच्या मैदानात हेच प्रमाण कितीतरी जास्त. म्हणजे आपली जमीन म्हणजे हौद नव्हे, तांब्या. पटकन भरतो, पटकन रिकामा होतो. ओढ्यात पाणी आहे तोवर दादाची विहीर ही विहीर नसते, ओढ्याची खिडकी असते. मोटार चालू केली की पाणी ओढ्यातूनच येतं, फक्त जमिनीखालून.

इथेच खरा पेच आहे. ओढ्यातून उघडपणे पाणी उचललं तर परवानगी आणि पाणीपट्टी. तेच पाणी दहा हात मुरून विहिरीत आलं की आपण म्हणतो, माझी विहीर, माझं पाणी. सगळ्यांच्या वाट्याचं म्हणून लढून आणलेलं पाणी मुरलं की ज्याची जमीन ओढ्याकाठी त्याचं होतं. माळावरची कुटुंबं, जी परिषदेला सगळ्यात पुढे होती, ती पुन्हा मागे राहतात. आटपाडी भागात बंद नळातून समान वाटपाचा आग्रह धरला गेला तो म्हणूनच समजून घ्यायला हवा. मात्र त्यालाही दुसरी बाजू आहे.

गळती म्हणजे कुणाची तरी विहीर

अमेरिकेत कोलोरॅडो नदीचं पाणी ऑल-अमेरिकन कालव्याने कॅलिफोर्नियाच्या इम्पिरियल खोऱ्यात नेलेलं आहे. कालवा मेक्सिकोच्या सीमेला लागून जातो. कित्येक दशकं त्या मातीच्या कालव्यातून झिरपलेल्या पाण्यावर सीमेपलीकडच्या मेक्सिकाली भागातल्या विहिरी चालत होत्या. पाणी वाचवायचं म्हणून अमेरिकेने कालव्याच्या एका लांब टप्प्याला काँक्रीटचं अस्तर केलं. काम २००९ च्या सुमारास झालं. त्याआधी कोर्टकचेऱ्या झाल्या, मेक्सिकोने आक्षेप घेतला, पण अस्तर झालंच. एका बाजूची बचत ही दुसऱ्या बाजूच्या विहिरींची तूट ठरली.

म्हणून कालव्याऐवजी नळ टाकताना आधी विचारायला हवं, की आजवर मुरलेल्या पाण्यावर कोण जगत होतं? नळ टाकायचे तर टाकावेत, पण त्यांच्या वाट्याची सोय आधी करून.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. पाणी फार मुरलं तर जमीन मरते. कृष्णाकाठच्या वाळवा, मिरज, शिरोळ भागात वर्षानुवर्षं उसाला पाट सोडून भूजल इतकं वर आलं, की पाण्याबरोबर क्षारही वर आले आणि जमिनी क्षारपड झाल्या. पांढरा थर आलेली ती जमीन पाहिली की पोटात गोळा येतो. शिरोळ तालुक्यात शेतकऱ्यांनी जमिनीखाली सच्छिद्र नळ टाकून जादा पाणी काढून देत अशी जमीन पुन्हा पिकाखाली आणली आहे, पण त्यासाठी खर्च आणि वर्षं दोन्ही लागतात. राजस्थानात इंदिरा गांधी कालव्याने वाळवंटात पाणी नेलं, तिथेही हनुमानगड-गंगानगर भागात सखल जमिनी पाणथळ झाल्या.

आता महाराष्ट्रात वैनगंगा-नळगंगा जोडप्रकल्पाची चर्चा आहे. गोसीखुर्दचं पाणी सव्वाचारशे किलोमीटरहून लांब कालव्याने पश्चिम विदर्भात, बुलढाण्यापर्यंत न्यायचं. तिकडच्या लोकांना पाणी हवंच आहे, यात शंका नाही. पण अकोला-अमरावती-बुलढाण्यातला पूर्णेचा खारपाणपट्टा सगळ्यांना माहीत आहे. तिथलं भूजल मुळातच खारं. वरून पाणी दिलं आणि निचऱ्याची सोय केली नाही, तर ते खारं पाणी मुळांपर्यंत चढेल. कालव्याचा नकाशा काढताना चरांचा नकाशाही त्याच कागदावर असायला हवा.

आणि आपलं सिंगापूर

इथे हा प्रश्न वेगळ्या रूपात दिसतो. जोहोर नदीच्या मुखाकडून भरतीचं खारं पाणी वर चढतं. पाऊस थांबला की नदीत जे वाहतं ते वरच्या जंगलातल्या जमिनीतून झिरपलेलं पाणी. तो प्रवाह कमी झाला की खारं पाणी कोटा तिंगीजवळच्या उपसा केंद्राकडे सरकतं. म्हणून सिंगापूरने १९९० च्या दशकात वरच्या अंगाला लिंगिऊ धरण बांधून घेतलं. त्यातून गोडं पाणी सोडून खाऱ्या पाण्याला मागे रेटायचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये हे धरण जेमतेम २० टक्क्यांवर आलं होतं. मागणीच्या निम्म्यापर्यंतची गरज भागवू शकणारी नदी अशी दिसली, की न्यूवॉटर आणि समुद्राचं पाणी गोडं करण्यावर हा देश इतका खर्च का करतो ते कळतं. आपल्या बिलातली जलसंधारण कराची वेगळी ओळही त्याचाच भाग.

शहरातल्या नद्यांचं नातं मात्र काँक्रीटने तोडलेलं होतं. पूर टाळायला ते करावं लागलं. बिशान पार्कमध्ये २०१२ साली सुमारे पावणेतीन किलोमीटरचा काँक्रीटचा कालवा काढून कालांग नदीला पुन्हा माती, दगड आणि वळणं दिली. मुलांना घेऊन जाल तेव्हा हे दाखवा. सिमेंटच्या नाल्याला फक्त वरचं पाणी माहीत असतं. मातीच्या काठाला खालचंही माहीत असतं. याच शहरात एमआरटीचे बोगदे खणताना भूजल उपसलं गेलं की मऊ चिखलमाती दबते, म्हणून काही ठिकाणी विहिरी पाडून पाणी पुन्हा जमिनीत सोडावं लागतं. ज्या देशात कुणी विहिरीचं पाणी पीत नाही, तिथेही भूजलाची पातळी मोजतात, कारण तिच्यावर इमारती उभ्या आहेत.

आपल्या पैशाचं काय?

आता मुद्द्याचं. आपण परदेशात राहणारे लोक गावाकडच्या पाण्यात थेट गुंतलेले आहोत, कारण विहिरीचा, बोअरचा, शेततळ्याचा पैसा पुष्कळदा आपल्याकडून जातो. या पावसाळ्यानंतर दादाने ग्रुपवर विचारलं, सहाशे फुटांचा बोअर मारायचा, दुबईचा चुलतभाऊ निम्मे देतोय, तुम्ही निम्मे द्याल का? डाळिंब काढून ऊस लावायचा आहे, आता पाणी आहे ना!

बहीण म्हणून नाही म्हणणं अवघड असतं. भाऊबीज तोंडावर आलेली. त्यात मी इथे चोवीस तास नळ असलेल्या घरात बसून त्याला पाणी जपून वापर सांगणार, हे त्याला कसं वाटेल? तो तसं बोललाही. "तुमच्या नळाला दुसऱ्या देशाचं पाणी येतंय, ते चालतंय व्हय?" खरं आहे. म्हणून मी उपदेश केला नाही, तीन गोष्टी विचारल्या. आवर्तन बंद असताना आपली विहीर दर आठवड्याला किती हात उतरते? तो बोअर लागला तर त्याला पाणी कुठून येणार, पावसाचं की ओढ्याचं? आणि ओढ्याच्या खालच्या अंगाला ज्या चार विहिरी आहेत, त्यांचं काय होईल?

खोल बोअरबद्दल एक गोष्ट तर त्याला ठाऊकही नव्हती. उघडा सोडलेला बोअर नेहमी खालचं पाणी वर आणतो असं नाही, पुष्कळदा वरच्या थराचं पाणी खालच्या भेगांत घालवतो. म्हणजे आपल्याच विहिरीला खालून भोक. वरच्या थरात केसिंग नीट बसवलं नाही, तर शेजारच्या विहिरीही उतरतात.

वडील सगळं ऐकत होते. ते म्हणाले, "परिषदेत पाणी मागताना आपण सगळ्यांसाठी मागितलं होतं. आता एकट्यासाठी कसं ओढायचं?" दादा गप्प झाला, पण पटलं असं म्हणाला नाही. त्याच्याही मागे कर्ज आहे, दोन मुलांची फी आहे, आणि उसाला ठरलेला कारखाना आहे. डाळिंबाला तेल्या रोग आणि बाजारभाव या दोघांचाही भरवसा नाही. त्याची अडचण खोटी नाही.

सध्या ठरलंय ते इतकंच. बोअरचे पैसे यंदा पाठवायचे नाहीत. तेवढ्याच रकमेत डाळिंबाचं ठिबक बदलायचं, आणि वर्षभर विहिरीची पातळी लिहून ठेवायची. दोरीला गाठी मारून, दर सोमवारी, विहिरीच्या कठड्यावरच. ओढ्याला पाणी कधी आलं आणि कधी बंद झालं, तेही शेजारी. खालच्या अंगाचे दोन शेतकरीही लिहायला तयार झालेत. वर्षाने त्या आकड्यांसमोर बसून पुन्हा बोलू. तेव्हाही दादाला बोअरच हवा असेल, तर निदान तो कुणाचं पाणी घेणार आहे ते आम्हा सगळ्यांना माहीत असेल.

डिसेंबरच्या सुट्टीत मुलीला घेऊन जाणार आहे. मामाच्या विहिरीची नोंद आपण करायची, म्हणून तिने आत्ताच वही घालून ठेवली आहे. आपल्या मंडळात नगर, सोलापूर, जत, मराठवाडा, खानदेशातली पुष्कळ कुटुंबं आहेत. ज्यांच्या गावात कुठल्या ना कुठल्या योजनेचं पाणी आलंय किंवा येणार आहे, त्यांनी सुट्टीत गावी गेल्यावर एवढं जरूर करावं. विहिरीचा आकडा लिहून आणा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला भेटू तेव्हा वह्या शेजारी शेजारी ठेवून बघू.